मागे घर, पुढे सीमा

अमेरिकेतला आय-१५ महामार्ग कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला सुरू होतो आणि सुमारे २,३०० किलोमीटर उत्तरेला, मॉन्टॅना राज्यातल्या स्वीटग्रास नावाच्या चिमुकल्या गावात संपतो. पलीकडे कॅनडाचं कूट्स. मार्च संपत आला की या रस्त्यावर उत्तरेकडे निघालेल्या ट्रॅव्हल ट्रेलरची वर्दळ वाढते. पिकअपच्या मागे जोडलेलं चाकांवरचं बिऱ्हाड असतं ते. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आत. कॅनडातली थंडी चुकवायला ॲरिझोनात जाऊन राहिलेली, बहुतेक निवृत्त माणसं घरी परतत असतात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, आणि त्यांच्यात आता थोडी आपलीही माणसं आहेत.

कॅल्गरीतलं एक मराठी जोडपं त्यांपैकीच. काका नोकरीतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. फीनिक्सशेजारच्या मेसा शहरातल्या ट्रेलर पार्कात हिवाळा काढायचा आणि पाडव्याच्या सुमाराला घरी यायचं, असा त्यांचा शिरस्ता. एका वर्षी परतीच्या वाटेवर जे गुदरलं, ते दोघंही नव्याने ट्रेलर घेणाऱ्यांना आवर्जून सांगतात. जीवावरचं थोडक्यात निभावलं, पण ते त्या दिवशी मागून कुणी गाडी येत नव्हती म्हणून.

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट फिरून फिरून येते. बिनसतं ते परतताना. जाताना ट्रेलर नुकताच तपासून घेतलेला असतो, सामान बेताचं असतं आणि पुढे कुणी वाट बघत नसतं. परतताना हिवाळाभर साठलेलं सामान आत भरलेलं असतं. टायर वाळवंटाच्या उन्हात महिनोन्‌महिने एकाच जागी उभे राहिलेले असतात. वसंतातला वारा सुटलेला असतो. आणि घरी पोचायची तारीख ठरलेली असते. त्या वर्षी कॅल्गरीतल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात स्वागताचं काम काकूंकडे होतं, म्हणून निघण्याआधीच मुक्काम कमी केले गेले. बाकी सगळं पुढे त्यातूनच घडत गेलं.

सामानापासून सुरुवात करू. मेसातून निघताना बासमतीच्या आणि कणकेच्या पिशव्या ट्रेलरच्या मागच्या पलंगाखाली गेल्या, कारण जागा तिथेच होती. बाहेर बसायच्या लोखंडी खुर्च्याही मागेच. दोन सायकली मागच्या बंपरवर अडकवल्या. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. १५० लिटरची टाकी म्हणजे सरळ १५० किलो, हे हिशेबात कुणी धरलं नाही.

ट्रेलरचं वजन किती हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुठे आहे हेही. ट्रेलरच्या पुढच्या दांडीने पिकअपच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, जो भार टाकायचा, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. भरलेला ट्रेलर ३,३०० किलोचा असेल तर हा भार ३३० ते ४९५ किलो. मागच्या टोकाला सामान कोंबलं की दांडी वर उचलली जाते, हा भार घटतो आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. बंपरवरच्या सायकली तर सर्वांत मागे, त्यामुळे त्यांचा परिणाम त्यांच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त. शिवाय पुष्कळशा ट्रेलरचे बंपर असा भार पेलायला बनवलेलेच नसतात.

यूटा ओलांडून आयडाहोत शिरलं की मॅलड गावापलीकडे एक चढ आणि मग उतार लागतो. तिथे एक लांबलचक ट्रक शेजारून वेगात पुढे गेला.

“अहो, मागचं हलतंय.”

“ट्रक गेला म्हणून. थांबेल आता.”

थांबलं नाही. आरशात ट्रेलरची डावी भिंत दिसायची, मग दिसेनाशी व्हायची, मग उजवी दिसायची, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. स्टिअरिंग हातात असूनही पिकअपचं मागचं अंग कुणीतरी धरून ओढतंय असं वाटत होतं. अशा वेळी कुणाचाही पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि नेमकं तेच करायचं नसतं. पिकअप मंदावतो, मागचं धूड त्याला रेटतं आणि दोन्ही गाड्या कात्रीसारख्या दुमडतात. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झोके मोडायला जाणंही तितकंच घातक. करायचं ते एवढंच: स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि हाताने ब्रेक कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागची गाडी मागे खेचली गेली की दोन्ही गाड्या पुन्हा एका रेषेत येतात. ही कळ पिकअपच्या डॅशबोर्डखाली असते. काकांना ती माहीत होती, कारण ट्रेलर विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी रिकाम्या मैदानात त्यांच्याकडून ती दाबून घेतली होती. नवा ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाने हा सराव करावा. बायकोनेही करावा, कारण कळ शेजारच्या आसनावरून बहुधा हाताला लागते.

वजन जोखायला अंदाज कामाचा नाही, वजनकाटाच हवा. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. तिथे पिकअपची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसरीवर आणि ट्रेलर तिसरीवर अशी गाडी उभी करायची. मग ट्रेलर सोडवून नुसता पिकअप पुन्हा काट्यावर न्यायचा. दोन पावत्यांतल्या पिकअपच्या वजनातला फरक म्हणजे दांडीचा भार. तो पिकअपच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीशी ताडून पाहायचा. त्या पट्टीवर माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, आणि हिचवरचा भारही त्यातच धरायचा असतो. माहितीपत्रकातलं ट्रेलरचं ‘कोरडं वजन’ कारखान्यातून बाहेर पडतानाचं. त्यात पाणी, कपडे, भांडी, तांदूळ यांतलं काहीच नसतं.

आता टायर. याबाबतीत जितकं सांगावं तितकं थोडं, कारण ट्रेलरच्या टायरकडे कुणी बघतच नाही. त्यांची नक्षी झिजत नाही, ते नवेकोरे दिसतात आणि माणूस निर्धास्त राहतो. पण ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. ऊन, एकाच जागी उभं राहणं आणि भार यांनी रबर आतून कमकुवत होत जातं. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अशी अक्षरं असतात आणि त्यांच्या मालिकेच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत दिसो, टायर बदलावेत, असं या क्षेत्रातले जाणकार सांगतात. हा आकडा कधी कधी टायरच्या फक्त आतल्या बाजूला असतो, तेव्हा सतरंजी पसरून ट्रेलरखाली शिरावं लागतं. शिरावं.

दुसरी गोष्ट वेगाची. ट्रेलरसाठी बनवलेल्या टायरवर ‘एसटी’ अशी खूण असते, आणि वेगळी मर्यादा छापलेली नसेल तर असे पुष्कळसे टायर ताशी ६५ मैलांसाठी, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरसाठी असतात. यूटा, आयडाहो आणि मॉन्टॅनात आय-१५ वर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे. पाटीवर ८० आहे, शेजारचे सगळे ८० ने चाललेत आणि आपल्याला पाडवा गाठायचाय! पाटीवरचा वेग रस्त्याचा असतो. आपला वेग आपल्या टायरने ठरवायचा.

तिसरी गोष्ट हवेची. मेसात दुपारी, तापमान ३० अंश असताना टायरमध्ये ८० चा दाब भरला आणि मॉन्टॅनात पहाटे शून्य अंशाला तपासला, तर काटा ७० च्या आसपास दिसतो. टायरला भोक नसतं, हवा थंडीने आकसलेली असते. कमी हवेचा टायर चालताना जास्त दुमडतो, त्यातून तापतो आणि फुटतो. म्हणून हवा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना तपासायची. उन्हात किंवा चालून तापलेल्या टायरमधली हवा जास्त वाटते म्हणून सोडून द्यायची नाही. ट्रेलरच्या टायरमधला दाब आणि उष्णता डॅशबोर्डवर दाखवणारे सेन्सर मिळतात. त्यांच्यावर झालेला खर्च कधीच वाया जात नाही.

आयडाहो फॉल्स मागे पडलं की ड्युबॉईस ते स्पेन्सर हा टापू ओसाड आहे. तिथे काकांच्या ट्रेलरचा उजवा मागचा टायर गेला. ट्रेलरला एका बाजूला दोन चाकं असल्यामुळे तो उलटला नाही. पण सुटलेला रबरी पट्टा गरागरा फिरत राहिला. त्याने चाकावरचं पत्र्याचं झाकण फाडलं, तळाचा पत्रा उचकटला आणि ब्रेकच्या वायरी तोडल्या. रस्त्याच्या कडेला उतरून दोघांनी पाहिलं तर स्टेपनीवरही तेच साल. ट्रेलर घेतल्यापासून ती मागच्या बाजूला उन्हात टांगलेली होती.

इथे दोन गोष्टी कामी येतात. जॅक लावायचा तो चॅसीच्या लोखंडी बीमखाली. अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावला तर नळी वाकू शकते. आणि एक टायर गेल्यावर त्या बाजूचा सगळा भार काही काळ शेजारच्या एकट्या टायरवर आलेला असतो, म्हणून तो वरून ठीक दिसला तरी त्याचाही भरवसा धरायचा नाही. काकांनी स्टेपनीवर हळूहळू गाव गाठलं आणि त्या बाजूचे दोन्ही टायर नवे घातले. नवं चाक बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० मैलांत थांबून नट पुन्हा आवळायचे असतात. नव्या चाकाचे नट चालताना सैलावतात आणि चाकच निखळल्याची उदाहरणं आहेत.

दिवस वाया गेला. आता घाई आणखी वाढली.

अनुभवी ट्रेलरवाल्यांमध्ये ‘तीन-तीन-तीन’चा एक नियम बोलला जातो: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त चालवायचं नाही, दुपारी ३ च्या आत मुक्काम गाठायचा आणि एका ठिकाणी ३ रात्री राहायचं. घरी परतताना तीन रात्रींची चैन बहुतेकांना जमत नाही, पण पहिले दोन नियम तरी पाळावेत. पहिल्याच टप्प्यात, मेसातून फ्लॅगस्टाफला जाताना, साधारण २५० किलोमीटरमध्ये गाडी १,७०० मीटर वर चढते. ट्रेलर ओढत हा चढ चढायचा म्हणजे इंजिनाची कसोटी. पुढे फ्लॅगस्टाफहून उत्तरेला यूएस-८९ रस्ता नॅव्हाहो लोकांच्या प्रदेशातून जातो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नॅव्हाहो प्रदेश मात्र करतो. फोनवरची वेळ तासाभराने उड्या मारते आणि ‘अजून उजेड आहे’ म्हणत अंधारात मुक्काम शोधायची वेळ येते. अनोळखी ट्रेलर पार्कात अंधारात गाडी मागे घेणं हे स्वतंत्र संकट आहे.

आयडाहो आणि मॉन्टॅनाच्या सीमेवर मोनिडा खिंड आहे, उंची ६,८७० फूट, म्हणजे जवळपास २,१०० मीटर. पाडव्याच्या सुमाराला मेसात लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असले, तरी इथे बर्फ पडू शकतो. इथल्या थंडीत पाणी गोठलं असतं तर ट्रेलरमधले नळ फुटले असते. काकूंनी मात्र सॉल्ट लेक सिटीलाच नळ आणि गीझर रिकामे करून घेतले होते. पुढचे मुक्काम बाटल्यांच्या पाण्यावर काढले. नळांत गोठणरोधक द्रव घालायचाच असेल तर ट्रेलरसाठी मिळणारा गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचा घालावा. इंजिनात घालतात तो एथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि तो विष आहे.

मग सीमा. स्वीटग्रास-कूट्सचं नाकं चोवीस तास उघडं असतं. नकाशाचं ॲप कधी कधी ग्लेशियर उद्यानाकडून जवळची वाट दाखवतं, पण तिकडचं चीफ माउंटनचं नाकं फक्त उन्हाळी मोसमात उघडतं आणि आसपासची काही ठराविक वेळेतच चालू असतात. कूट्सचीही बातमी निघण्याआधी पाहावी. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ट्रकवाल्यांच्या आंदोलनामुळे हे नाकं दोन आठवड्यांहून जास्त अडलेलं होतं.

नाक्यावर विचारतात ते साधंच: किती दिवस बाहेर होता, काय आणलंत, किती किमतीचं, दारू, तंबाखू, हत्यार काही आहे का. ४८ तासांहून जास्त बाहेर राहिलेल्या कॅनडावासीयाला माणशी ८०० कॅनडियन डॉलरचा माल करमुक्त आणता येतो. ही सवलत ज्याची त्याची. बायकोच्या वाट्याची उरलेली सवलत नवऱ्याला वापरता येत नाही. त्यात दारू आणायची तर दीड लिटर वाइन, किंवा १.१४ लिटर कडक मद्य, किंवा साडेआठ लिटर बिअर. काकू पावत्या एका पाकिटात लावून ठेवतात आणि पाकिटावर एकूण रक्कम लिहितात. अधिकाऱ्याच्या हातात पाकीट दिलं की बोलणं आटोपशीर होतं.

टायरच्या पावतीचं काय, हा प्रश्न काकांना पडला होता. अमेरिकेत गाडीचं जे काही काम करून घेतलं, ते सीमेवर सांगावंच लागतं. प्रवासात अचानक उद्भवलेली आणि गाडी सुखरूप घरी आणण्यासाठी अत्यावश्यक असलेली दुरुस्ती करातून सुटते. स्वस्त मिळतात म्हणून चारही टायर घालून आणले, तर ती खरेदी. काकांनी दोन टायरची पावती दाखवली, कुठे फुटला ते सांगितलं, फाटलेला पत्रा दाखवला आणि पाच मिनिटांत मोकळे झाले. न सांगता सापडलं असतं तर दंड, जप्ती आणि नावापुढे नोंद, म्हणजे पुढच्या खेपांना झडतीची शक्यता.

काही गोष्टी ट्रेलरच्या कोपऱ्यात राहून जातात आणि नाक्यावर नडतात. शेकोटीचं उरलेलं सरपण ही त्यातली पहिली. त्यातून कीड येते. ॲश झाडांना मारणारा हिरवा भुंगेरा उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये सापडला आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी झाडं संपवली आहेत. सरपण शेवटच्या मुक्कामावर जाळून टाकावं किंवा तिथेच सोडून यावं. कढीपत्त्याचं रोप, कुंडीतली माती, फळं, मांस हे सगळं आधीच सांगावं. चालेल की नाही ते अधिकारी ठरवील. अस्वलासाठीचा, तसं लेबल असलेला फवारा चालतो. माणसांवर मारायचा मिरचीचा फवारा कॅनडात बंदी घातलेलं हत्यार ठरतो.

गुडघेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या गांजाच्या गोळ्यांचं तर विशेष सांगायला हवं, कारण आपल्याकडची ज्येष्ठ माणसंही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या घेऊ लागली आहेत. ॲरिझोनात त्या कायदेशीर, मॉन्टॅनात कायदेशीर, कॅनडात २०१८ पासून कायदेशीर. पण मधल्या आयडाहोत त्या बाळगणं गुन्हा आहे, आणि सीमा ओलांडून नेणं दोन्ही देशांत गुन्हा आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी.

भारतातून आलेले आईवडील बरोबर असतील तर कागद दुप्पट बारकाईने पाहावेत. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत जायला वेगळा व्हिसा लागतो, कॅनडाची कायम वास्तव्याची परवानगी असलेल्यालाही. परतीच्या बाबतीत एक दिलासा आहे. कॅनडात राहण्याची मिळालेली मुदत शिल्लक असेल आणि पाहुणे फक्त अमेरिकेतच जाऊन आले असतील, तर कॅनडाचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा वापरून झाला असला तरी परत येता येतं. मुदतीची तारीख मात्र एका दिवसानेही उलटता कामा नये. रस्त्यात टायर फुटून दोन दिवस जाऊ शकतात, हे धरूनच बेत आखावा.

कूट्स ओलांडलं की कॅल्गरी ३०० किलोमीटरवर राहतं आणि माणूस मनाने घरी पोचलेला असतो. हाच टप्पा फार जपून चालवण्याचा. ग्रेट फॉल्सच्या पुढे शेल्बीपर्यंत आणि इकडे लेथब्रिज, फोर्ट मॅक्लाउड भागात रॉकी पर्वतावरून उतरणारा पश्चिमेचा वारा उघड्या माळावर गाडीच्या कुशीत शिरतो. आठ मीटर लांब, तीन मीटर उंच ट्रेलरची सगळी भिंत त्याच्यासमोर असते. वाऱ्याचा इशारा असेल तर थांबावं. त्या दिवशी लेथब्रिजजवळ समोरून येणारा एक रिकामा ट्रक डुलताना दिसला आणि काकू म्हणाल्या, “आज इथेच राहू या. मी फोन करते.” मंडळाचं स्वागत दुसऱ्या कुणीतरी केलं. वारा पहाटे पडला आणि दुपारपर्यंत ते दोघं घरी पोचले.

विम्याचा धडा त्यानंतर मिळाला. ट्रेलर ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते साधारणपणे पिकअपच्या विम्यात येतं. ट्रेलरचं स्वतःचं नुकसान भरून मिळायला त्याची वेगळी पॉलिसी लागते. काकांकडे ती होती, पण रस्त्यातल्या मदतीची सेवा फक्त पिकअपसाठी घेतलेली निघाली, म्हणून ड्युबॉईसजवळ मदत मागवता आली नव्हती. अल्बर्टात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा किमान विमा २ लाख डॉलरचा आहे. अमेरिकेतला रुग्णालयाचा खर्च पाहता एखाद्या गंभीर अपघातात तेवढी रक्कम कुठच्या कुठे संपते. बरेच जण २० लाखांपर्यंत वाढवून घेतात. तेव्हा अल्बर्टातून दक्षिणेला निघण्याआधीच, परतीचा विचार करून, विमा कंपनीला तीन प्रश्न विचारून उत्तरं लेखी घ्यावीत: ट्रेलरचं स्वतःचं नुकसान पॉलिसीत आहे का, टायर फुटून तळाचा पत्रा आणि वायरी गेल्या तर तो खर्च मिळतो का, आणि रस्त्यात बंद पडल्यावर ट्रेलरही ओढून नेतील की फक्त पिकअप.